साऊंडवाल्या दादासोबत इंडी रॉक

फेस्टिव्हलच्या गेटमधून आत गेलो की मी आता स्टेज कुठंय ते बघत नाही, साऊंडवाल्याचा तंबू कुठंय ते बघतो. स्टेजच्या समोर, गर्दीच्या साधारण मधोमध, चारी बाजूंनी बॅरिकेड लावलेला एक मंडप असतो आणि त्यात मिक्सर आणि लाइटचा बोर्ड घेऊन काळ्या टीशर्टमधले दोन-चार लोक उभे असतात. त्या मंडपाच्या अगदी पुढ्यात जागा धरायची. ही अक्कल मला कुठला रिव्ह्यू वाचून नाही आली, आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या मावसभावाकडून आली, ज्याचा धंदा लग्न, गणपती, सप्ताह यांना साऊंड भाड्याने द्यायचा आहे आणि ज्याने तोपर्यंत इंडी रॉक नावाची गोष्ट आयुष्यात ऐकलेली नव्हती. मी त्याला सांगितलं पिक्चरची गाणी नसतात रे दादा, पोरं स्वतः लिहितात स्वतः वाजवतात, मोठी कंपनी नसते मागे. तो म्हणाला, मग पैसे कोण देतं? बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं भो.

पण दादाच्या आधीचं थोडं सांगतो. माझं सगळं ऐकणं कंपनीच्या बसमध्ये झालंय. अंबड एमआयडीसीत नोकरी, बस सकाळी घ्यायला येते, तेव्हापासून गेटपर्यंत कानात इयरफोन. द स्ट्रोक्स हा न्यूयॉर्कचा रॉक बँड मी असा ऐकला. त्यांचा पहिला अल्बम 'इज धिस इट', २००१ चा, न्यूयॉर्कमधल्या एका तळघरातल्या स्टुडिओत गॉर्डन राफेल नावाच्या प्रोड्युसरसोबत रेकॉर्ड केलेला, आणि गायक ज्युलियन कासाब्लांकासचा आवाज मुद्दाम सरावाच्या एका छोट्या स्पीकरमधून, म्हणजे प्रॅक्टिस अ‍ॅम्पमधून काढलेला, म्हणून तो असा चेपलेला, फोनवरून कोणी वैतागून बोलतंय तसा येतो. त्यात दोन गिटार आहेत, एक एका कानात आणि दुसरी दुसऱ्या. माझा डावा इयरफोन तेव्हा बंद पडलेला होता आणि मी तसाच वापरत होतो, त्यामुळे कित्येक महिने मला ती गाणी अर्धीच माहीत होती आणि अर्धीच पाठ होती, नवीन इयरफोन घेतला त्या दिवशी पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला दुसरी गिटार पहिल्यांदा ऐकू आली आणि मी शेजारच्या सीटवरच्या फिटरला हलवून उठवलं. त्याला काही घेणंदेणं नव्हतं, तो परत झोपला.

तर हा बँड २०२३ च्या जानेवारीत मुंबईत आला, महालक्ष्मी रेसकोर्सवर, लोलापालूझा हा मूळचा अमेरिकेतला फेस्टिव्हल भारतात पहिल्यांदाच होत होता, दोन दिवस, चार स्टेज, पहिल्या रात्री इमॅजिन ड्रॅगन्स आणि दुसऱ्या रात्री शेवटी स्ट्रोक्स. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून दादरला उतरलो, तिथून लोकल. दुपारपासून पुढची जागा धरून उभं राहिलो, पाणी कमी प्यायचं म्हणजे जागा सोडावी लागत नाही वगैरे सगळे उद्योग केले. आणि पुढे उभं राहायची मजा वेगळीच आहे, ती मी कधीच नाकारणार नाही. गिटारवाल्याची बोटं दिसतात, ड्रमर स्टिक कशी धरतो ते दिसतं, गाणं संपल्यावर ते एकमेकांकडे बघून हसतात का नाही ते दिसतं. बसमध्ये अर्ध्या कानाने ऐकलेली माणसं समोर घाम पुसताना बघितली की आतून काहीतरी होतं, ते सांगता येत नाही आणि सांगायला गेलं की फिल्मी वाटतं.

पण ऐकू काय आलं? ड्रम ऐकू आले. छातीत बसणारा बेस ऐकू आला. माझ्या बाजूच्या पोरांचं ओरडणं ऐकू आलं. जी दुसरी गिटार मी इतक्या कौतुकाने शोधून काढली होती ती मला डोळ्यांनी दिसत होती पण कानाला लागत नव्हती. बरं, पब्लिक एवढं खूश होतं की असं काही बोलायची सोयच नाही. रात्री मित्राच्या गाडीत मागे बसून परत येताना, कसारा घाट चढताना सगळे ग्रुपवर व्हिडिओ टाकत होते आणि गंमत म्हणजे लांब मागे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी फोनवरच्या व्हिडिओत ती गिटार स्वच्छ ऐकू येत होती.

ही गोष्ट मी दादाला सांगितली ती आपली जाता जाता, घरी पूजा होती तेव्हा. तो लगेच ताटावरून म्हणाला, तू स्टेजच्या नाकाखाली उभा होता ना, तुला सिस्टीम ऐकूच आली नाही, तू स्टेज ऐकलं. म्हणजे काय तर मोठे स्पीकर वरून टांगलेले असतात आणि ते मागच्या गर्दीवर नेम धरून असतात, अगदी पुढच्या लोकांच्या डोक्यावरून आवाज निघून जातो, पुढच्यांसाठी स्टेजच्या कडेला छोटे बॉक्स ठेवतात पण खाली जमिनीवर बेसचे मोठे डबे असतात ते तुझ्या पोटाशी, मग तुला बेस आणि ड्रमच मिळणार. मी म्हणलं दादा तू चल एकदा. तो म्हणाला कामाचे दिवस असतात. मग नाशकातच सुलाफेस्ट, म्हणजे सुला वाइनवाल्यांचा गाण्यांचा फेस्टिव्हल, परत सुरू झाला तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही.

सुलाफेस्ट आमच्याकडे २००८ पासून व्हायचा, फेब्रुवारीत, गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षाच्या मळ्यात, २०२० नंतर कोविडमुळे जो बंद पडला तो पाच वर्षांनी २०२५ मध्ये परत झाला. नाशिककरांना तो म्हणजे मुंबई-पुण्याच्या गाड्यांचं गंगापूर रोडवरचं ट्रॅफिक एवढंच माहीत असतो बऱ्याचदा. त्याच सुमाराला, पौषात, त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांची यात्रा असते, आठवडाभर मागेपुढे, तेव्हा त्र्यंबक रोडला पायी दिंड्या आणि गंगापूर रोडला टॅटूवाली पब्लिक असं आमच्या गावाचं एक वेगळंच दृश्य असतं. दादाचे अर्धे कस्टमर दिंडीवाले, त्यामुळे तो आठवडाभर टाळ-मृदंगाला माइक लावून दमलेला होता आणि जांभया देतच आला.

आत गेल्या गेल्या त्याची झोप उडाली. तिथं ओपन एअर अ‍ॅम्फिथिएटर आहे, पायऱ्या पायऱ्यांची उतरती जागा, तो मध्ये उभा राहिला आणि एक जोरात टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकत बसला. लोक बघायला लागले. मला म्हणाला जागा चांगली आहे, भिंती नाहीत म्हणून आवाज परत येत नाही, आमच्या लॉन्समध्ये समोर बिल्डिंग असते तिथून प्रत्येक शब्द दोनदा येतो. मग मला घेऊन स्टेजसमोर आडवा चालायला लागला, डावीकडून उजवीकडे. म्हणाला बोलू नको, फक्त बेस ऐक. आणि काय सांगू, बरोबर मध्ये आलो की बेस धाडकन वाढायचा, चार पावलं बाजूला गेलो की गायब, अजून पुढे गेलो की परत थोडा यायचा. दोन्ही बाजूंच्या बेसच्या डब्यांचा आवाज मध्यात एकदम पोचतो म्हणून तिथं तो दुप्पट होतो, बाजूला आलं की एकीकडचा आधी आणि दुसरीकडचा नंतर, मग ते एकमेकांना खातात. हे मी इतकी वर्षं गाण्यांवर ढीगभर मतं मांडत आलो, हा बँड लाइव्ह चांगला तो वाईट, आणि त्यातली अर्धी मतं मी कुठे उभा होतो त्यावर ठरलेली असणार.

मग आम्ही तंबूपाशी गेलो. दादाने तिथल्या पोराशी दोन मिनिटांत ओळख काढली, साऊंडवाले एकमेकांना केबल गुंडाळायच्या पद्धतीवरून ओळखतात म्हणे. त्याचं म्हणणं साधं होतं, मिक्स करणारा माणूस जिथं उभा आहे तिथं ऐकूनच तो सगळं लावतोय, मग अख्ख्या मैदानात एवढीच जागा अशी की जिथं गाणं जसं पाहिजे तसं आहे. बाकी सगळीकडे त्याचा अंदाज.

त्यानंतर दुसरी गोष्ट कळली ती पहिल्या गाण्याची. फेस्टिव्हलात एका बँडनंतर दुसरा बँड चढायला फार वेळ नसतो. मोठ्या नावांना दुपारी साऊंडचेक मिळतो, बाकीच्यांना फक्त लाइनचेक, म्हणजे ड्रमची किक, किक, किक, मग स्नेअर, गिटार, ओके चला. कुठली वायर चालू आहे एवढंच कळतं, कशी वाजते ते नाही कळत. मग खरं मिक्सिंग कधी होतं तर पहिल्या गाण्यात, पब्लिकसमोर. दादा मला कोपर मारून दाखवत होता, बघ आता गायकाचा आवाज वर आला, बघ बेस कापला, आता कीबोर्ड सापडला त्याला. "पहिलं गाणं साऊंडवाल्याचं असतं रे, तुमचं दुसऱ्यापासून." तेव्हापासून माझ्या लक्षात यायला लागलं की मुरलेले बँड आपलं सगळ्यात लाडकं गाणं पहिलं कधीच वाजवत नाहीत, काहीतरी जोरदार, ओळखीचं पण बिघडलं तरी चालेल असं वाजवतात. नवीन पोरं मात्र उत्साहात हिट गाणं आधीच वाजवून टाकतात आणि मला आता त्यांच्यासाठी वाईट वाटतं.

यानंतर मी जी जी बँड ऐकली ती तंबूपाशी ऐकली आणि माझ्या आवडीनिवडी बऱ्याच हलल्या. परवाझ हा बंगळुरूचा बँड, खालिद अहमद आणि काशिफ इक्बाल हे दोघं मूळचे काश्मीरचे, २०१० च्या आसपास सुरू झाला, गाणी उर्दू आणि काश्मिरी. 'बारान' हा त्यांचा २०१४ चा अल्बम मी बसमध्ये नेहमी अर्ध्यात बदलायचो कारण गाणी लांब, सुरू व्हायलाच वेळ घेतात आणि तेवढ्यात आमची कंपनी येते. लाइव्ह ऐकल्यावर कळलं की तो लांबपणा उगाच नाहीये, गिटार आधी नुसती एका सुरावर रेंगाळत राहते, गर्दीतलं बोलणं हळूहळू थांबतं, आणि मग खालिदचा आवाज येतो तो एकदम वरच्या पट्टीत. काश्मिरी मला शब्द कळत नाही. काही अडलं नाही. दादाला पण हा बँड आवडला, त्याच्या भाषेत सांगायचं तर "ह्यांना गप्प बसता येतं", म्हणजे चौघं एकदम वाजवत नाहीत, एकमेकांना जागा देतात, आणि त्यामुळे मिक्सरवाल्याचं अर्धं काम हेच करून देतात.

पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा दिल्लीचा. सूर्यकांत साहनीचा तो आळसावलेला, जुन्या रेडिओतल्या गायकासारखा आवाज, मागे ट्रम्पेट, मध्येच वॉल्ट्झ, मध्येच डिस्को, २०१९ चा 'बिस्मिल्लाह' अल्बम माझा सगळ्यात जास्त वाजवलेला असेल. हेडफोनवर ते सगळं धुक्यात असल्यासारखं, आणि मला वाटायचं लाइव्ह हे धुकं उडून जाणार. उडालं नाही, उलट ट्रम्पेट अंगावर आला. पितळी वाद्याला मुळातच एवढा आवाज असतो की त्याला स्पीकरची गरज नाममात्र, आणि ड्रमच्या माइकमध्ये पण तो घुसतो, दादा म्हणाला बँडवाल्यांच्या वरातीत आम्ही क्लॅरिनेटला माइक देतो, ट्रम्पेटला कधी देत नाही.

द लोकल ट्रेन या बँडचं उलटं. तिथं तंबूपाशी उभं राहून पण काही उपयोग नाही. 'आलस का पेड' हा त्यांचा अल्बम २०१५ मध्ये आला तेव्हा जी पोरं कॉलेजला होती ती सगळी आता ईएमआय भरणारी झालीत आणि 'छू लो' सुरू झालं की गायकाची गरज उरत नाही, त्यांचा गायक रमन नेगी २०२२ मध्ये बँड सोडून गेला तरी ती गाणी पब्लिकने आपल्या नावावर करून घेतलेली आहेतच. मी आपलं कान उघडे ठेवून चिकित्सा करायला उभा होतो आणि दुसऱ्या ओळीपासून घसा फाडून गात होतो, म्हणजे चिकित्सा वगैरे ठीक आहे.

सिगरेट्स आफ्टर सेक्स, नाव घरी सांगता येत नाही असा बँड. टेक्सासच्या एल पासोचा, ग्रेग गोन्झालेझचा. त्यांचा पहिला ईपी, म्हणजे छोटा अल्बम, तिथल्या युनिव्हर्सिटीच्या एका जिन्यात रेकॉर्ड केलाय, त्या गाण्यांतली ती जी घुमणारी हवा आहे ती खरोखर जिन्याची हवा आहे. आता जिन्यातलं गाणं रेसकोर्सच्या मोकळ्या मैदानात नेल्यावर काय होणार, भिंतच नाही, घुमायचं कुठं, सगळी घुमारी मशिनमधून द्यावी लागते. आणि एवढं हळू गाणाऱ्या माणसासमोर हजारो लोक गप्पा मारत असतात. मला विचाराल तर असे बँड फेस्टिव्हलात बोलवूच नयेत, बंद थिएटरमध्ये खुर्च्यांवर बसवून ऐकवावेत, आमचं कालिदास कलामंदिर चालेल. माझ्या या मताशी माझे मित्र सहमत नाहीत, त्यांना मैदानात पडून आकाश बघत ऐकायचं असतं. बघा बापडे.

मग टाळ्यांची भानगड. मोठ्या मैदानात मागच्या लोकांच्या टाळ्या कायम उशिरा पडतात आणि पुढचे त्यांना बेताल म्हणतात. मी पण म्हणायचो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे उभ्या माणसाला तोच ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोचतो, आणि त्याची टाळी स्टेजपर्यंत परत यायला अजून तेवढाच वेळ. म्हणून मोठ्या मैदानात मध्येच खांबांवर आणखी स्पीकर लावतात आणि ते मुद्दाम उशिराने वाजवतात, नाहीतर मागच्यांना आधी जवळच्या खांबाचा आणि मग स्टेजचा असे दोन आवाज येतील. हे दादाला मिलिसेकंदात तोंडपाठ आहे, मीटरला तीन, दहा मीटरला तीस. त्याने हे सप्ताहाच्या मंडपात शिकलंय, तिथं महाराज पुढे आणि बायामाणसं लांब मागे.

अभंग रिपोस्ट हा बँड दादाला ऐकवला तेव्हा मला वाटलं शिव्या देईल. ही मराठी पोरं संतांचे अभंग रॉक-फंकच्या अंगाने वाजवतात. दादाने डोळे बारीक करून पूर्ण ऐकलं, मग म्हणाला, चाल हलवलीय पण शब्द एकही खाल्ला नाही. त्याच्या लेखी हे फार मोठं सर्टिफिकेट आहे कारण त्याची मुख्य तक्रार सगळ्या इंग्लिश बँडबद्दल हीच की गायक काय बोलतो ते साऊंडवाल्याला पण कळत नाही. मी त्याला स्ट्रोक्सच्या त्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पची गोष्ट सांगितली, मुद्दाम आवाज खराब केला म्हणून. त्याचा विश्वास बसला नाही. "आमच्याकडे असं केलं तर पार्टी पैसे कापते."

वेळेचं एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद, नियमच आहे तो २००० सालचा, वर्षातले ठरलेले थोडे दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, ते बहुतेक गणपती-नवरात्रात जातात. त्यामुळे इथले फेस्टिव्हल भर दुपारी सुरू होतात आणि निम्मे इंडी बँड रणरणत्या उन्हात वाजवतात, जी गाणी त्यांनी रात्री दोन वाजता खोलीत बसून लिहिलेली असतात ती दुपारी तीनला, समोर छत्र्या आणि टोप्या. पण नाशकात फेब्रुवारीत सहा-साडेसहानंतर जी थंडी उतरते ना तेव्हा आवाज पण बदलतो. जमिनीजवळची हवा गार आणि वरची गरम असली की आवाज वर उडून न जाता खाली वाकतो आणि लांबपर्यंत जातो. म्हणूनच लांबच्या लॉन्समधलं लग्न रात्री खिडकीत आल्यासारखं ऐकू येतं, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी दादाला कायम आठनंतरच येतात. माझा अनुभव सांगतो, ज्यांना संध्याकाळचा स्लॉट मिळतो तो बँड लोकांना जास्त आवडतो आणि ते काही फक्त लाइटिंगमुळे नाही.

कानाचं मात्र सांभाळा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं एवढीच सुरक्षित मर्यादा धरतात, फेस्टिव्हलला आपण सहा-सात तास असतो. मी आता फिल्टरवाले इअरप्लग लावतो, फोमचे नाही, फोमने सगळं गादीखालून आल्यासारखं होतं. दादाच्या कानात वीस वर्षांच्या वरातींमुळे रात्री शिट्टी वाजते, त्याला मी एक जोडी आणून दिली, तर म्हणतो साऊंडवाला कानात बोळे घालून बसला तर लोक काय म्हणतील. गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेत ते, पाकिटासकट.

पण एक झालंय. मागच्या सीझनला औरंगाबाद रोडच्या एका लॉन्सवर त्याची ऑर्डर होती हळदीची, मी सहज गेलो होतो जेवायला. सिस्टीम लावून झाल्यावर तो टेस्टिंगला कायम एकच जुनं पिक्चरचं गाणं लावायचा, त्या दिवशी त्याने 'बिस्मिल्लाह'मधलं गाणं लावलं, ट्रम्पेटवालं, आणि लॉन्सच्या मधोमध उभा राहून बेसचे डबे इकडे-तिकडे सरकवायला लावत होता पोरांना. मुलीचे मामा आले तावातावाने. हे काय रडगाणं लावलंय, संबळ लावा संबळ. दादा म्हणाला, लावतो ना मामा, पहिलं गाणं आमचं असतं.